कुलपं, घोडे आणि बायनरी सर्च : गणित आणि कॉम्प्युटर सायन्सचे कोर्स एकमेकांत कसे अडकलेले असतात

कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीचा अभ्यासक्रम हातात पडला की त्यातले गणिताचे पाच-सहा पेपर बघून बरेच जण वैतागतात. कोडिंग शिकायला आलो, इथे लिनिअर अल्जेब्रा कशाला? उलट गणिताच्या पदवीला गेलेल्यांना प्रोग्रॅमिंगचा पेपर म्हणजे मागून चिकटवलेलं शेपूट वाटतं. दोघंही विषयांची यादी नुसती यादी म्हणून वाचतात. खरं तर तो एक ग्राफ आहे, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण.

कागद घ्या. प्रत्येक कोर्ससाठी एक ठिपका काढा. 'हा झाल्याशिवाय तो घेता येत नाही' अशी अट असेल तिथे पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण काढा. आता ज्या ठिपक्यात एकही बाण येत नाही तो उचला, वहीत लिहा, त्यातून निघणारे बाण पुसा आणि पुन्हा तेच करा. शेवटी वहीत जो क्रम उरतो तो कोर्स घेण्याचा एक चालणारा क्रम. याला टोपॉलॉजिकल सॉर्ट म्हणतात. ही रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडली आणि अल्गोरिदमच्या पेपरात ती तुम्हाला पुन्हा भेटेलच. ठिपके शिल्लक आहेत पण बाण न येणारा एकही सापडत नाही, असं झालं तर कुठेतरी चक्र आहे : अ साठी ब हवा आणि ब साठी अ हवा. अभ्यासक्रमात असं झालं तर ती छपाईची चूक असते. सॉफ्टवेअरच्या पॅकेजांमध्ये झालं तर इन्स्टॉल अडकतं.

हा कागद नीट भरला की एका ठिपक्यातून बाणांचा झुबका निघालेला दिसतो : डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. पहिल्या वर्षाचा, संच आणि सत्यता-सारण्यांपासून सुरू होणारा, दिसायला सगळ्यात सोपा पेपर. पोरं गाफील राहतात ती इथेच. पहिले तीन आठवडे 'हे तर येतंय की' म्हणत जातात, आणि चौथ्या आठवड्यात 'सिद्ध करा' सुरू झालं की पाटी कोरी.

शाळेतलं गणित 'किती?' विचारतं. इथून पुढे प्रश्न असतो 'नेहमीच का?' आणि या 'नेहमीच'ला हाताळायला दोन हत्यारं पुरतात. पुढची तीन वर्षं तीच दोन, वेगवेगळे कपडे घालून येत राहतात.

पहिलं हत्यार : 'प्रत्येक' आणि 'एक तरी' यांचा क्रम

ही दोन वाक्यं वाचा.

प्रत्येक कुलपासाठी अशी एक किल्ली आहे, जी ते उघडते.
अशी एक किल्ली आहे, जी प्रत्येक कुलूप उघडते.

शब्द जवळजवळ तेच, फक्त क्रम उलटा. पहिल्यात कुलूप आधी समोर येतं, मग त्याला बघून किल्ली निवडता येते. दुसऱ्यात किल्ली आधी ठरवायची आणि मग कुठलंही कुलूप आलं तरी तीच चालवायची. दुसरं वाक्य कितीतरी भारी आहे. दुसरं खरं असेल तर पहिलं आपोआप खरं, पण उलट नाही.

कॅल्क्युलसमधली लिमिटची व्याख्या ज्यांना डोक्यावरून जाते, त्यांचं अडतं ते नेमकं इथे. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा आहे' यात एप्सिलॉन हे कुलूप आणि डेल्टा ही किल्ली. समोरचा चूक किती चालेल याची मर्यादा (एप्सिलॉन) सांगतो, तुम्ही तिला पुरेल एवढं जवळ जाण्याचं अंतर (डेल्टा) सांगता. त्याने मर्यादा आणखी घट्ट केली, तर तुम्ही अंतर आणखी कमी करता. सिद्धता लिहिताना डेल्टा एप्सिलॉनवर अवलंबून असायला परवानगी आहे, आणि बहुतेक वेळा असतोच. एप्सिलॉन मात्र तुम्ही निवडायचा नसतो. 'समजा एप्सिलॉन ०.०१ आहे' अशी सुरुवात करून लिहिलेलं पानभर उत्तर शून्य गुणांचं होतं ते यामुळे.

नकार करताना क्रम तोच राहतो, पण 'प्रत्येक' आणि 'एक तरी' यांची अदलाबदल होते. 'प्रत्येक जण पास झाला' याचा नकार 'कोणीच पास झालं नाही' असा नाही, 'एक तरी नापास झाला' असा आहे. हसू येण्याइतकं सोपं वाटतं. पण आत तीन-तीन 'प्रत्येक' आणि 'एक तरी' असलेलं विधान आलं की वर्गातले निम्मे चुकतात. उपाय यांत्रिक आहे : डावीकडून सुरू करा, प्रत्येक 'प्रत्येक'चा 'एक तरी' करा, प्रत्येक 'एक तरी'चा 'प्रत्येक', आणि नकार शेवटच्या साध्या विधानाला लावा. अक्कल वापरायची नाही, नियम वापरायचा.

दुसरं हत्यार : इंडक्शन

इंडक्शन म्हणजे गणिती विगमन. दोन गोष्टी दाखवायच्या. विधान १ साठी खरं आहे, ही पहिली. ते कुठल्याही न साठी खरं धरलं तर न+१ साठीही खरं ठरतं, ही दुसरी. मग ते सगळ्यांसाठी खरं.

उदाहरणार्थ, पहिल्या न विषम संख्यांची बेरीज न² असते. १ साठी : १ = १². आता न पर्यंत खरं धरू, म्हणजे बेरीज न². पुढची विषम संख्या २न+१. मिळवली की न² + २न + १, म्हणजेच (न+१)². संपलं.

हे कळल्यासारखं वाटतं, म्हणून लगेच खालची 'सिद्धता' तपासा. विधान : घोड्यांच्या कुठल्याही गटातले सगळे घोडे एकाच रंगाचे असतात. एका घोड्याचा गट घेतला तर खरंच आहे. आता न घोड्यांच्या गटासाठी खरं धरा आणि न+१ घोडे रांगेत उभे करा. पहिला बाजूला काढा, उरलेले न एकाच रंगाचे. पहिला परत आणून शेवटचा बाजूला काढा, तेही न एकाच रंगाचे. मधले घोडे दोन्ही गटांत आहेत, म्हणून सगळे एकाच रंगाचे.

चूक कुठे आहे? पुढचा परिच्छेद झाकून पाच मिनिटं बघा.

चूक १ वरून २ वर जाताना आहे. दोनच घोडे असले की पहिला काढल्यावर उरतो दुसरा, आणि शेवटचा काढल्यावर उरतो पहिला. 'मधले घोडे' नावाचं कोणी नसतंच. २ वरून ३, ३ वरून ४ या सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत, पण शिडीची दुसरी पायरीच निखळली आहे आणि मग वरच्या पायऱ्यांचा काही उपयोग नाही. म्हणून इंडक्शन लिहून झालं की पायरीचा युक्तिवाद अगदी लहान न टाकून, १ वरून २ आणि २ वरून ३, हाताने एकदा चालवून बघायचा. ही सवय पहिल्या वर्षी लागली तर पुढचे बरेच तास वाचतात.

प्रोग्रॅमिंगमध्ये याच शिडीला रिकर्शन म्हणतात. बेस केस म्हणजे पहिली पायरी. ती विसरलात तर फंक्शन स्वतःला बोलावत राहतं आणि स्टॅक (अर्धवट राहिलेल्या कामांची नोंद ठेवणारी जागा) भरून प्रोग्रॅम कोसळतो.

दोन्ही हत्यारं लूपमध्ये

बायनरी सर्च सगळ्यांना 'येतो'. चढत्या क्रमाने लावलेल्या ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या यादीत, मधला आकडा बघायचा, हवा असलेला मोठा असेल तर उजवा अर्धा भाग, लहान असेल तर डावा. दहा लाख आकड्यांत फार तर वीस वेळा बघावं लागतं, कारण २ चा २० वा घात दहा लाखांच्या थोडा वर जातो. आता हा कोड कागदावर चालवू.

ॲरे : ३, ८, ११, १५, २२, ३०, ४१. इंडेक्स, म्हणजे जागेचे क्रमांक, ० ते ६. सुरुवातीला डावा = ०, उजवा = ६. मधला = (डावा + उजवा) भागिले २, अपूर्णांक सोडून. मधला आकडा लहान निघाला तर डावा = मधला. मोठा निघाला तर उजवा = मधला. सापडला तर थांबा.

३० शोधू. मधला ३, तिथे १५, लहान, म्हणून डावा ३. मधला (३+६)/२ म्हणजे ४, तिथे २२, लहान, डावा ४. मधला ५, तिथे ३०. सापडला. टेस्ट पास.

४१ शोधू. डावा ३, मग ४, मग मधला ५, तिथे ३०, लहान, डावा ५. आता मधला (५+६)/२ म्हणजे ५. तिथे ३०, लहान, डावा ५. मधला ५. डावा ५. मधला ५. लॅबमध्ये कर्सर लुकलुकत राहतो आणि विद्यार्थी मशीनला दोष देतो.

बहुतेक जण इथे अंदाजाने एक मिळवून बघतात, एक वजा करून बघतात, आणि कधीतरी चालतं म्हणून सोडून देतात. त्यापेक्षा एक वाक्य लिहा : 'हवा असलेला आकडा ॲरेत असेलच, तर तो डावा ते उजवा, दोन्ही धरून, यांच्यामध्येच आहे.' हे वाक्य लूपच्या प्रत्येक फेरीआधी खरं असलं पाहिजे. त्याला लूप इन्व्हेरियंट म्हणतात. सुरुवातीला ते खरं आहे, कारण ० ते ६ म्हणजे पूर्ण ॲरे. एका फेरीनंतरही खरं राहतं का? मधला आकडा लहान निघाला, म्हणजे मधल्या जागी आणि त्याच्या डावीकडे आपला आकडा असूच शकत नाही. मग मधला धरून ठेवायचा कशाला? डावा = मधला + १. तसंच दुसऱ्या बाजूला उजवा = मधला − १. आता प्रत्येक फेरीत टापू किमान एकाने आखडतो, म्हणून लूप थांबणारच. डावा उजव्याच्या पुढे गेला की टापू रिकामा, म्हणजे आकडा ॲरेत नाही.

बघा, हे इंडक्शनच आहे. पहिली फेरी म्हणजे पहिली पायरी, एका फेरीतून पुढची म्हणजे न वरून न+१. फक्त वर्ग बदलला आणि शिक्षक बदलले.

एवढं करूनही एक चूक राहते, आणि ती गणितात दिसत नाही. ३२ बिटच्या पूर्णांकात सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ मावते. ॲरे एक अब्जाच्या वर गेला की डावा + उजवा ही बेरीज त्या पलीकडे जाऊ शकते, आणि जावासारख्या भाषेत ती गुपचूप ऋण होते. ऋण इंडेक्स, प्रोग्रॅम खलास. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये ही चूक वर्षानुवर्षं बसून होती, २००६ मध्ये ती जाहीरपणे सांगितली गेली. दुरुस्ती एका ओळीची : मधला = डावा + (उजवा − डावा) / २. सिद्धता बरोबर होती, पण तिने गृहीत धरलेल्या संख्या अमर्याद होत्या आणि मशीनच्या नव्हत्या. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनचा, म्हणजे मशीन आतून कसं चालतं याचा, पेपर कशासाठी असतो, ते अशा वेळी कळतं.

खर्च मोजणं, आणि किल्ली बदलण्याची चोरी

अल्गोरिदमच्या पेपरात बिग-ओ येतं. व्याख्या साध्या शब्दांत : असा एकच स्थिरांक आहे की पुरेशा मोठ्या प्रत्येक न साठी खर्च त्या स्थिरांक गुणिले अमुक फलनापेक्षा जास्त होत नाही. शब्दांचा क्रम बघा. एकच किल्ली, सगळी कुलपं.

मर्ज सॉर्ट घ्या, आकडे चढत्या क्रमाने लावायची एक रीत. न आकड्यांचे दोन अर्धे भाग करा, दोन्ही लावून घ्या, मग न खर्चात जोडा. न आकड्यांचा खर्च ख(न) धरला तर ख(न) = २ × ख(न/२) + न. दरवर्षी कोणीतरी उत्तरपत्रिकेत सिद्ध करतं की हा खर्च न च्याच पटीत आहे. युक्तिवाद असा : ख(न/२) हा क × न/२ पेक्षा जास्त नाही असं धरू. मग ख(न) फार तर क × न + न, म्हणजे (क+१) × न. हेही न च्याच पटीत. सिद्ध झालं!

झालं नाही. क होता, क+१ झाला. किल्ली मध्येच बदलली. पुढच्या दुपटीला क+२ होईल, त्यापुढे क+३. आणि गंमत म्हणजे खरं उत्तर या चोरीतच दडलेलं आहे : न दुप्पट झाला की स्थिरांक एकाने वाढतो, १ पासून न पर्यंत दुपटी होतात लॉग न, म्हणून खर्च न लॉग न.

आकडे घालून फरक पाहा. दहा लाख नोंदी. मर्ज सॉर्टला सुमारे वीस थर, प्रत्येकी दहा लाख, म्हणजे दोन कोटी कामं. सिलेक्शन सॉर्टला (दर वेळी उरलेल्यातला सगळ्यात लहान शोधून पुढे ठेवायची रीत) न(न−१)/२ तुलना, म्हणजे जवळपास पन्नास हजार कोटी. सेकंदाला दहा कोटी कामं होतात असं धरलं तर एकाला सेकंदाचा पाचवा हिस्सा, दुसऱ्याला दीड तासाला थोडंच कमी. तरीही 'न² म्हणजे वाईट' असं पाठ करू नका. वीस-तीस आकड्यांसाठी साधा इन्सर्शन सॉर्ट बहुतेकदा जलद पडतो, म्हणून पायथॉनचं सॉर्टिंग लहान तुकड्यांवर तोच वापरतं.

बाकीचे ठिपके, भराभर

लिनिअर अल्जेब्रामध्ये मुलं मॅट्रिक्स झरझर सोपी करतात, पण 'रँक म्हणजे काय' विचारलं की गप्प. सावली डोळ्यांसमोर आणा. त्रिमितीतली वस्तू जमिनीवर सावली टाकते, हे एक मॅट्रिक्सच करतं. सावलीला दोन मिती, म्हणून रँक २. सूर्यकिरणाच्या दिशेतली माहिती नाहीशी झाली, ती एक मिती, तिला नलिटी म्हणतात. २ + १ = ३. हेच रँक-नलिटीचं प्रमेय. सावलीवरून मूळ वस्तू परत मिळत नाही, म्हणून या मॅट्रिक्सला व्यस्त नाही. हे चित्र पक्कं झालं की ग्राफिक्स आणि मशीन लर्निंग या दोन्ही पेपरांत अर्धी लढाई जिंकल्यासारखी आहे.

प्रोबॅबिलिटीमध्ये अंदाज दगा देतो. २३ जणांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, कारण मोजायच्या असतात जोड्या, आणि २३ जणांच्या जोड्या होतात २५३. हेच हॅशिंगला, म्हणजे प्रत्येक नोंदीवरून ठरावीक लांबीचा एक आकडा काढण्याला, लावा : ३२ बिटच्या हॅशला सव्वाचार अब्जांहून जास्त वेगवेगळ्या किमती आहेत, तरी साधारण ७७ हजार नोंदींनंतरच कुठेतरी टक्कर होण्याची (दोन नोंदींना एकच आकडा मिळण्याची) शक्यता निम्मी होते. 'एवढ्या अब्जांत टक्कर कशी होईल' म्हणून टक्कर न हाताळणारा कोड इथेच फसतो.

न्यूमेरिकल मेथड्समधली एकच गोष्ट आताच लक्षात ठेवा. ०.१ ही संख्या दोनच्या पायात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर संपतच नाही, दशांशात १/३ संपत नाही तशीच. ती कुठेतरी तोडावी लागते. म्हणून बहुतेक भाषांत ०.१ + ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ येतं, आणि ते ०.३ बरोबर समान आहे का विचारलं तर मशीन 'नाही' म्हणतं. दशांश चिन्ह असलेल्या संख्यांची समानता तपासू नका, फरक किती लहान आहे ते तपासा. पैशाचा हिशेब असेल तर पैशांत, पूर्णांकात ठेवा.

शेवटच्या वर्षीचा धक्का

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये १९३६ सालचा ॲलन ट्यूरिंग यांचा निकाल येतो. समजा 'थांबेल-का' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याला कुठलाही कोड आणि इनपुट द्या, तो बरोबर सांगतो की हे थांबेल की कायम चालत राहील. त्याचा वापर करून 'उलटा' नावाचा प्रोग्रॅम लिहू. तो एक कोड घेतो आणि 'थांबेल-का'ला विचारतो की या कोडला त्याचा स्वतःचाच कोड इनपुट म्हणून दिला तर काय होईल. उत्तर 'थांबेल' आलं तर 'उलटा' कायमच्या लूपमध्ये जातो. 'नाही' आलं तर लगेच थांबतो. आता 'उलटा'ला त्याचाच कोड द्या. थांबला तर थांबायला नको होता, नाही थांबला तर थांबायला हवा होता. म्हणजे 'थांबेल-का' असूच शकत नाही.

यावरून 'अमुक प्रोग्रॅम थांबतो का हे कधीच कळू शकत नाही' असं लिहिलं तर गुण गेले. अनेक प्रोग्रॅमांबद्दल एकेकट्याने सिद्धता देता येते, बायनरी सर्चबद्दल आपण वर दिलीच. ट्यूरिंग यांनी नाकारली ती सगळ्या कुलपांना लागणारी एकच किल्ली.

त्याच पेपरातली दुसरी हमखास चूक रिडक्शनच्या, म्हणजे एक प्रश्न दुसऱ्यात बदलण्याच्या, दिशेची. तुमचा प्रश्न अवघड आहे हे दाखवायचं असेल तर आधीपासून अवघड म्हणून माहीत असलेला प्रश्न तुमच्या प्रश्नात बदलून दाखवायचा. उलट केलं, म्हणजे तुमचा प्रश्न त्या अवघड प्रश्नात बदलला, तर काहीच सिद्ध होत नाही. दोन अंकांची बेरीजसुद्धा एखाद्या महाकठीण प्रश्नात बदलता येते, त्याने बेरीज कठीण होत नाही. पेपरात आधी बाण काढा : माहीत असलेला अवघड → माझा. मग लिहायला घ्या.

कोर्स निवडताना

रिअल ॲनालिसिस आणि ॲब्स्ट्रॅक्ट अल्जेब्रा एकाच सेमिस्टरला घेऊ नका. दोन्हीत आठवड्याला प्रश्न चार-पाचच असतात, पण एकेक प्रश्न संध्याकाळ खातो. एक सिद्धतेचा पेपर आणि एक लॅबचा पेपर ही जोडी बरी, कारण दोन्हीकडचा थकवा वेगळा असतो. मशीन लर्निंगचा कोर्स लवकर घ्यायचा मोह होतो. आधी लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आणि अनेक चलांचं कॅल्क्युलस नसेल तर तिथे फक्त लायब्ररीची फंक्शनं बोलवायला शिकाल आणि मॉडेल बिघडलं की हात वर कराल.

गृहपाठ मिळाला त्याच दिवशी सगळे प्रश्न वाचून काढा, सोडवले नाहीत तरी चालेल. सिद्धतेचा प्रश्न अडला तर न = १, २, ३ साठी हाताने करून बघा. विधान खोटं असेल तर ते बहुतेकदा इथेच फुटतं. पुस्तकातली सिद्धता वाचून झाली की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. जिथे पेन थांबतं, तेवढीच ओळ पुन्हा उघडून बघा. आणि प्रत्येक प्रमेयाला एक प्रश्न विचारा : यातली एक अट काढली तर सिद्धतेची कुठली ओळ पडते? बोट ठेवून ती ओळ दाखवता आली नाही, तर ते प्रमेय अजून आलेलं नाही.